धुराड्याचा हिशेब, छातीचा हिशेब

चेंबूर ओलांडून खाडीच्या दिशेने गेले की माहुल लागते. कोळ्यांचे जुने गाव. थंडीत इथल्या खाडीच्या चिखलात हजारो रोहित पक्षी उतरतात आणि त्यांचे फोटो काढायला मुंबईकर भल्या पहाटे येतात. फोटोत पक्ष्यांच्या मागे धुराडी आणि टाक्या येतात, त्या बहुतेक जण कापून टाकतात.

माहुल आणि शेजारच्या आंबापाड्याच्या लोकांची तक्रार वर्षानुवर्षे तीच आहे. वास येतो, डोळे चुरचुरतात, छाती भरून येते. कारखान्यांचे म्हणणेही तेच आहे: आमच्याकडे रीतसर परवानग्या आहेत, आकडे मर्यादेत आहेत. ऐकणाऱ्याला वाटते, दोघांपैकी कुणीतरी खोटे बोलत असणार. तसे असायलाच हवे असे नाही. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात, आणि हे कसे शक्य आहे ते समजले की ‘पर्यावरणीय न्याय’ या जड शब्दाचा निम्मा अर्थ समजला.

आधी परवाना कसा मिळतो ते पाहू. १९८१च्या हवा प्रदूषण नियंत्रण कायद्याच्या कलम २१ प्रमाणे, प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीशिवाय कुणालाही कारखाना उभारता किंवा चालवता येत नाही. आपल्याकडे हे काम महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ करते. कारखानदारीत याला सरळ ‘कन्सेंट’ म्हणतात. एक कन्सेंट उभारणीची, दुसरी चालवण्याची. चालवण्याची कन्सेंट वर्षानुवर्षे मुदतीची असे, दर काही वर्षांनी नवी करून घ्यावी लागे. अर्ज आला की मंडळाने चार महिन्यांत निर्णय द्यायचा, असे कायदा सांगतो. मोठे प्रकल्प असले, म्हणजे रिफायनरी, सिमेंट, औष्णिक वीज, रसायनांची मोठी साठवण, तर त्याआधी आणखी एक पायरी येते, ती पर्यावरण मंजुरीची. ती २००६च्या केंद्रीय अधिसूचनेप्रमाणे दिल्लीहून किंवा राज्यपातळीवरून मिळते.

लोकांना विचारायची जागा या सगळ्या वाटेवर एकच आहे: पर्यावरण मंजुरीच्या वेळची जनसुनावणी. कन्सेंटच्या वेळी कायदा गावाला काही विचारायला सांगत नाही. अर्जदार आणि मंडळ, एवढ्या दोघांतला तो व्यवहार. जनसुनावणीतूनही बऱ्याच प्रकल्पांना सूट आहे. मंजूर औद्योगिक वसाहतीत येणारे प्रकल्प हे त्यातले मोठे उदाहरण. कारखाने तर वसाहतींतच दाटीने असतात, आणि वसाहतीच्या कुंपणाला लागून वस्ती असते.

उद्योगांना रंगही दिलेले आहेत. लाल, नारिंगी, हिरवा, पांढरा. २०१६ साली केंद्रीय मंडळाने प्रत्येक धंद्याला शंभरापैकी गुण दिले: हवेसाठी ४०, पाण्यासाठी ४०, घातक कचऱ्यासाठी २०. साठ आणि त्यावर गुण पडले की लाल. २०२५मध्ये या वर्गवारीत बदल झाले, पण मूळ विचार तोच राहिला. रंग धंद्यावरून ठरतो. तोच कारखाना ओसाड माळावर असला काय आणि अंगणवाडीच्या भिंतीला टेकून असला काय, रंग लालच. कन्सेंटची फी भांडवली गुंतवणुकीवरून ठरते. म्हणजे कारखान्यात किती रुपये गुंतले आहेत हे सरकारला बारकाईने माहीत असते. त्याच्या वाऱ्याच्या दिशेला किती माणसे राहतात हा रकाना त्या हिशेबात कुठे येत नाही.

आता कन्सेंटच्या कागदात काय असते ते पाहू, कारण खरी मेख तिथे आहे. त्यात कोणती यंत्रे, कोणते इंधन, किती धुराडी, त्यांची उंची किती, आणि धुरात अमुक घटक किती चालेल हे लिहिलेले असते. ही मर्यादा बहुतेक वेळा अशी असते: एक घनमीटर धुरात धुलिकण १५० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नकोत. वाचायला कडक वाटते. पण हा झाला सरबताचा गोडवा. एका पेल्यात दोन चमचे साखर हे प्रमाण मी कसोशीने पाळले, तरी दिवसाला चाळीस पेले प्यायलो तर ऐंशी चमचे साखर पोटात गेलीच. एका घनमीटरमागे किती, हे मोजले म्हणजे दिवसाला एकूण किती बाहेर पडले हे कळत नाही. काही कन्सेंटमध्ये एकूण वजनाचीही मर्यादा असते, पण ‘मर्यादेत आहे’ असे जे सांगितले जाते ते बहुधा पेल्याबद्दल असते. चाळीस पेल्यांबद्दल नसते.

दुसरे उदाहरण मला स्वतःला जास्त बोलके वाटते. गंधकयुक्त इंधन जाळणाऱ्या बॉयलरचे धुराडे किती उंच हवे, यासाठी केंद्रीय मंडळाचे एक सर्वसाधारण सूत्र आहे. तासाला किती किलो सल्फर डायऑक्साइड बाहेर पडतो तो आकडा घ्यायचा, त्याचा ०.३ घात काढायचा, १४ने गुणायचे. उत्तर मीटरमध्ये येते. किमान उंची ३० मीटर. घाताच्या भानगडीत पडू नका, फक्त उत्तरे पाहा. समजा एक कारखाना तासाला १०० किलो सोडतो. त्याला सुमारे ५६ मीटरचे धुराडे पुरते. त्याच्या शेजारी तसेच आणखी तीन आले. प्रत्येकाचा अर्ज वेगळा, प्रत्येकाचे उत्तर ५६. चौघांनी नियम तंतोतंत पाळला. आता हेच ४०० किलो एकाच मालकाच्या एकाच धुराड्यातून बाहेर पडणार असते, तर सूत्राने जवळजवळ ८५ मीटर उंची मागितली असती. खाली राहणाऱ्या बाईच्या दृष्टीने दोन्ही वेळा वायू तेवढाच आहे, ४०० किलो. कागदावर मात्र एक धोका मोठा दिसतो आणि चार धोके लहान. थेंबे थेंबे तळे साचे हे आपण पोरांना बचतीसाठी शिकवतो. परवान्याच्या कागदाला ते कुणी शिकवलेले नाही.

यात मुंबईची हवा आपली भर घालते. दिवसा समुद्राकडून वारा येतो आणि धूर पांगतो. हिवाळ्यात पहाटे जमिनीलगतची हवा थंड, वरची उबदार असे झाकण बसते, वारा पडतो आणि धूर खालीच घुटमळतो. वर्षाच्या सरासरीत या रात्री विरघळून जातात. दम्याच्या माणसाला मात्र नेमक्या त्याच रात्री आठवतात.

माहुलच्या बाबतीत तर धुराडे हा निम्माच प्रश्न आहे. इथे टाक्या आहेत. पेट्रोलजन्य पदार्थ आणि रसायने साठवणारी टाकी श्वास घेते, हे वाक्य अलंकारिक नाही. दुपारी ऊन तापले की आतली वाफ फुगते आणि झडपेतून बाहेर येते. रात्री गार झाले की टाकी बाहेरची हवा आत ओढते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. टँकर भरताना तर टँकरमधली सगळी वाफ बाहेर ढकलली जाते, ती पकडून परत आणायची यंत्रणा नसेल तर ती थेट रस्त्यावर. या वाफांमध्ये बेंझिन, टोल्युइन, झायलिन असे झटकन उडून जाणारे पदार्थ असतात. त्यांचे एकत्रित इंग्रजी नाव आद्याक्षरांनी व्हीओसी असे घेतात. बेंझिनने रक्ताचा कर्करोग होतो हे जगभर मान्य झालेले आहे.

२००९ साली देशाने हवेची जी मानके जाहीर केली त्यात बारा घटक आहेत. बेंझिन त्यात आहे, वर्षाच्या सरासरीला घनमीटरमागे ५ मायक्रोग्रॅम. टोल्युइन नाही, झायलिन नाही, आणि सगळ्या व्हीओसी मिळून किती चालतील असा आकडाही नाही. ज्याला मर्यादाच नाही त्याने मर्यादा ओलांडली असे कोण कसे म्हणणार? नाक म्हणते वास येतोय, यंत्र म्हणते माझ्या यादीत हा वासच नाही.

मग केईएम रुग्णालयाने २०१३ साली वेगळ्या टोकाने सुरुवात केली. हवा राहू द्या, माणसे तपासू. माहुल आणि आंबापाड्याच्या पाहणीत ६७.१ टक्के लोकांनी सांगितले की महिन्यातून तीनपेक्षा जास्त वेळा दम लागतो. डोळ्यांची जळजळ ८६.६ टक्क्यांना, छातीत कोंडल्यासारखे होणे ८४.५ टक्क्यांना. गावातल्या काही रहिवाशांनी पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली होती, आणि १८ डिसेंबर २०१५ रोजी लवादाने निकाल देताना या पाहणीचा आधार घेतला. इथल्या हवेने लोकांच्या आरोग्याला धोका आहे, असे लवादाने मानले आणि मंडळाला कृती आराखडा करायला सांगितले.

एखाद्या पट्ट्याची बेरीज करायचा प्रयत्न आपल्याकडे झालाच नाही असे नाही. २००९ साली केंद्रीय मंडळाने देशातल्या ८८ औद्योगिक पट्ट्यांना हवा, पाणी, जमीन असे सगळे मिळून गुण दिले. सत्तरच्या वर गेलेले ४३ पट्टे ‘अतिगंभीर’ ठरले, आणि जानेवारी २०१०मध्ये तिथे नव्या प्रकल्पांच्या पर्यावरण मंजुऱ्या काही काळ थांबवल्या गेल्या. महाराष्ट्रातून चंद्रपूर, डोंबिवली, औरंगाबाद, नवी मुंबई आणि तारापूर त्या यादीत होते. चंद्रपूरला ८३.८८ गुण पडले होते. आणि चेंबूरला? ६९.१९. परीक्षेत पाऊण गुणासाठी पोरे रडतात, इथे पाऊण गुणाने सुटका झाली. पट्टा ‘गंभीर’ राहिला, ‘अतिगंभीर’ झाला नाही, त्यामुळे बंदीही लागू झाली नाही. पुढे इतर ठिकाणच्या बंद्याही एकेक करून उठल्या. तरी ती कल्पना चांगली होती. निदान एकदा तरी सरकारने धुराडी सुटी न मोजता एकत्र मोजली.

इथवरचा सगळा भाग हिशेबाचा झाला. न्यायाचा प्रश्न पुढे येतो: हा न मोजलेला बोजा कुणाच्या वाट्याला येतो?

माहुलचे कोळी कारखान्यांकडे राहायला आले नव्हते, कारखाने त्यांच्याकडे आले. १९५४ साली एस्सोची रिफायनरी, १९५५ साली बर्मा शेलची. पुढे राष्ट्रीयीकरण होऊन त्या हिंदुस्तान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम झाल्या. १९५६ साली टाटांचे वीज केंद्र, साठच्या दशकात खत कारखाना. त्या काळी हे शहराबाहेर होते, आणि शहराबाहेर म्हणजे रिकामे, असा शहराचा समज असतो. जाळी विणणारी माणसे नकाशावर दिसत नाहीत.

दुसरी गोष्ट याहून वेगळी, आणि माझ्या मते जास्त गंभीर. इथे कारखाना माणसांकडे आला नाही, माणसांना उचलून कारखान्याकडे नेले. तानसाच्या जलवाहिनीला लागून घाटकोपर, विद्याविहार आणि इतरत्र झोपड्या होत्या. जलवाहिनीच्या सुरक्षेसाठी दोन्ही बाजूंचे दहा मीटर मोकळे करा, असा उच्च न्यायालयाचा आदेश होता. तो योग्यच म्हणावा लागेल, शहराचे पाणी त्या नळांतून येते. पण माणसांना कुठे न्यायचे हे प्रशासनाने ठरवले, आणि ठरवले ते माहुल. प्रकल्पग्रस्तांसाठी तिथे ७२ इमारती उभ्या होत्या, सतरा हजारांवर घरे. रिफायनरीची भिंत रस्त्यापलीकडे. हरित लवादाचा निकाल डिसेंबर २०१५चा. मोठ्या संख्येने कुटुंबे तिथे नेली ती २०१७मध्ये. एका सरकारी कागदावर ‘हवा धोकादायक’ आणि दुसऱ्यावर ‘पुनर्वसनाची जागा’, आणि दोन्ही कागद एकाच वेळी खरे.

या इमारतींना परवानगी देताना कुणी बेकायदा काही केले असे समजू नका. घरांची परवानगी देणारे खाते हवेचे आकडे बघत नाही, हवेचे खाते घरे कुठे बांधली जातात ते बघत नाही. जो तो आपापल्या टेबलापुरता बरोबर. आणि या फटीत नेहमी तीच माणसे पडतात, ज्यांना ‘इथे नको’ म्हणायची सोय नसते. माहुल ज्या एम पूर्व विभागाच्या कडेला आहे, तिथेच १९२७पासूनची देवनारची कचराभूमी आहे. महापालिकेच्याच २००९च्या मानव विकास अहवालात मुंबईच्या सगळ्या विभागांत तळाला हाच विभाग होता. निर्देशांक एकपैकी ०.०५. मलबार हिलला कचराभूमी का नाही, या प्रश्नाचे तांत्रिक उत्तर कुणीही देईल, जागा नाही, महाग आहे. पण जागा स्वस्त असणे आणि तिथली माणसे दुबळी असणे या दोन गोष्टी एकमेकींना ओढून आणतात. उद्योग स्वस्त जागा शोधतो. त्याच्या धुराने जागा आणखी स्वस्त होते. मग ज्याला दुसरीकडे परवडत नाही तो तिथे येतो. पुढच्या वेळी परवान्यासाठी जागा शोधताना पुन्हा बोट तिथेच पडते, कारण ‘तो पट्टा आधीच औद्योगिक आहे’.

माहुलला नेलेल्या लोकांनी मात्र ऐकून घेतले नाही. २०१८च्या ऑक्टोबरपासून त्यांनी विद्याविहारला, जिथून हटवले होते त्याच जागेजवळ, महिनोन्‌महिने धरणे धरले. एप्रिल २०१९मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की या लोकांवर माहुलला राहण्याची सक्ती करता येणार नाही. दुसरीकडे घर द्या, नाहीतर महिना १५ हजार रुपये भाडे आणि ४५ हजार रुपये अनामत द्या. सप्टेंबर २०१९मध्ये पुन्हा तेच बजावावे लागले. त्याच माहुलची रिकामी घरे महापालिकेने २०२५ साली आपल्या कर्मचाऱ्यांना १२ लाख ६० हजारांत विकायला काढली. मुंबईत या भावात घर म्हणजे लॉटरीच. तरी प्रतिसाद इतका थंड की अर्जाची मुदत वाढवावी लागली.

‘पर्यावरणीय न्याय’ हा शब्द मुळात अमेरिकेतून आला. १९८२ साली नॉर्थ कॅरोलायनातल्या वॉरन काउंटीत, जिथे बहुसंख्य कृष्णवर्णीय आणि गरीब लोक राहात, विषारी पीसीबी मिसळलेली माती पुरायचे ठरले. लोक ट्रकसमोर रस्त्यावर आडवे झाले. पाचशेहून जास्त जणांना अटक झाली. माती तिथेच पुरली गेली, पण तेव्हापासून प्रश्न विचारायची पद्धत बदलली: कचरा कसा पुरायचा याबरोबर तो कुणाच्या दारात पुरायचा, हेही विचारले जाऊ लागले. १९९४ साली राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी सगळ्या केंद्रीय खात्यांना याचा विचार करायला लावणारा आदेश काढला. तो आदेश जानेवारी २०२५मध्ये ट्रम्प यांनी रद्द केला. आदेशाचे आयुष्य सहीइतकेच, हा धडा त्यात आहेच.

कायद्याचे तसे नसते. म्हणून न्यू जर्सीचे उदाहरण समजून घेण्यासारखे आहे. आपल्यातल्या कित्येकांचे भाऊबंद एडिसन आणि आसपासच्या गावांत राहतात, त्यांना नेवार्कच्या बंदराकडचा तो पट्टा विमानातून उतरताना दिसतो: गोदामे, ट्रक, कचरा जाळणारा कारखाना, आणि मध्येच घरे. तिथल्या लोकांनी वर्षानुवर्षे रेटा लावल्यावर सप्टेंबर २०२० मध्ये राज्याने कायदा केला, आणि एप्रिल २०२३पासून त्याचे नियम लागू झाले. त्यात आधी ‘आधीच ओझ्याखाली असलेली वस्ती’ कोणती हे आकड्यांत ठरवले: जिथे किमान ३५ टक्के घरे कमी उत्पन्नाची, किंवा किमान ४० टक्के लोक अल्पसंख्याक, किंवा किमान ४० टक्के घरांत इंग्रजी धड येत नाही. अशा वस्तीत मोठ्या प्रदूषणाचा परवाना मागणाऱ्याने स्वतःच्या धुराचा हिशेब देऊन भागत नाही. वस्तीवर आधीपासून कोणकोणते ताण आहेत, ट्रकचा धूर, जुनी विषारी जमीन, हिरवळीचा अभाव, असे सगळे मांडून त्यात माझी भर किती पडेल ते दाखवायचे. वस्तीतच जनसुनावणी घ्यायची. बोजा इतरांच्या तुलनेत जास्त निघाला तर नव्या कारखान्याला नकार द्यायचा. त्याच वस्तीची निकडीची गरज भागवणारा प्रकल्प असेल तेव्हाच अपवाद. जुन्या कारखान्याच्या विस्ताराला जादा अटी. यातला कळीचा शब्द ‘नकार’ आहे. अभ्यास करा, विचार करा, नोंद घ्या असे सांगणारे कायदे पुष्कळ असतात.

हा कायदा जादूची कांडी नाही. ठरावीक आठ प्रकारच्या प्रकल्पांनाच तो लागू आहे, आणि महामार्गावरचे ट्रक त्याच्या कक्षेबाहेर आहेत. पण चार कारखान्यांच्या ५६ मीटरच्या धुराड्यांची बेरीज करणारी खिडकी त्याने उघडली.

आपल्याकडे काय आहे? स्वच्छ हवा हा घटनेच्या कलम २१मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ सालीच सांगितले आहे. २०१०च्या कायद्याने हरित लवाद मिळाला, त्याचे पश्चिम विभागाचे पीठ पुण्यात आहे. माहुलच्याच प्रकरणात लवादाने ऑगस्ट २०२० मध्ये रसायने साठवणारी एजिस कंपनी, तिची उपकंपनी सी लॉर्ड कंटेनर्स आणि दोन्ही रिफायनऱ्या मिळून सुमारे २८६ कोटींची भरपाई ठरवली; त्यात एजिसचा वाटा १४२ कोटी. मामला पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषण मंडळांनाही पर्यावरणाची भरपाई वसूल करण्याचा अधिकार आहे, असे एका वेगळ्या प्रकरणात स्पष्ट केले. दुसऱ्या बाजूला, एप्रिल २०२४पासून हवा कायद्याच्या अनेक भंगांसाठीची तुरुंगवासाची शिक्षा जाऊन दहा हजार ते पंधरा लाखांचा दंड आला आहे. मोठ्या कंपनीला पंधरा लाख म्हणजे काय, हे वाचकाने आपले आपण ठरवावे.

पण हे सगळे धूर निघून गेल्यानंतरचे. परवाना देताना ‘या वस्तीने आता पुरे झाले’ असे म्हणून दार बंद करण्याचा स्पष्ट नियम आपल्याकडे नाही. यावर नोकऱ्यांचा मुद्दा नेहमी येतो, आणि तो हसून सोडण्यासारखा नाही. कारखान्यात काम करणारा आणि त्याच्या धुरात झोपणारा पुष्कळदा एकच माणूस असतो. म्हणून ‘बंद करा’ ही घोषणा वस्तीतल्या सगळ्यांची नसते. टाकीवर वाफ परत ओढणारी यंत्रणा बसवा, टँकर उघडे भरू नका, नवीन टाकी मागत असाल तर आधी जुन्यांची गळती तेवढी कमी करून दाखवा, असे मागणारे लोक नोकऱ्यांच्या मुळावर आलेले नसतात.

आणि बंद करून प्रश्न संपतोच असेही नाही. गोवंडीत २००९ साली रुग्णालयांचा जैववैद्यकीय कचरा जाळणारा प्रकल्प सुरू झाला. रहिवासी न्यायालयात गेले, आणि २०२३ साली उच्च न्यायालयाने तो दोन वर्षांत हलवायला सांगितले. जागा ठरली रायगडमधल्या खालापूर तालुक्यात. मुंबईच्या इस्पितळांतल्या सुया आणि बँडेज कुठेतरी जाळावीच लागणार, हे खरे. पण गोवंडीने चौदा वर्षे जे विचारले, ते विचारायची पाळी आता खालापूरवर आली.

तुमच्या गावाजवळ असा एखादा प्रकल्प येत असेल तर काय करायचे, हेही सांगतो. आसपासच्या कारखान्यांची कन्सेंट मिळवा. मंडळाच्या संकेतस्थळावर बरीच सापडतात, नाहीतर माहितीच्या अधिकारात मागता येतात. त्यातले धुराड्यांचे आकडे एका वहीत एकाखाली एक लिहा. बेरीज मंडळाने केली नसेल तर ती तुम्ही करू शकता, त्याला पदवी लागत नाही. जनसुनावणीची जाहिरात किमान तीस दिवस आधी यावी लागते, एक राष्ट्रीय आणि एक प्रादेशिक भाषेतल्या वर्तमानपत्रात. अहवालाचा मराठी सारांश मिळण्याचा तुम्हाला हक्क आहे. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी असतो. गणपूर्तीची अट नसते, म्हणजे मंडपात चारच माणसे असली तरी सुनावणी झाली असे धरले जाते. ‘आमचा विरोध आहे’ एवढे बोलून खाली बसू नका, कारण त्याचे उत्तर द्यावे लागत नाही. बेरीज वाचून दाखवा आणि विचारा: या आकड्यात तुमचा आकडा मिळवल्यावर आमच्या शाळेच्या दारात हवेतले प्रदूषण किती होईल, आणि हिवाळ्याच्या पहाटे किती? पर्यावरण मंजुरी मिळाली आणि ती चुकीची वाटली, तर पुण्याच्या पीठाकडे अपिलाला तीस दिवस असतात. सबळ कारण दाखवल्यास आणखी साठ.

आणि एक. भाषणे संपली की लोक शेवटची एसटी चुकू नये म्हणून उठतात. सुनावणीचा गोषवारा त्यानंतर लोकांच्या भाषेत वाचून दाखवायचा असतो, आणि त्याच दिवशी त्यावर सही होते. दोघांतिघांनी तरी थांबावे, आणि आपला प्रश्न त्यात आकड्यांसकट आला आहे का ते कान देऊन ऐकावे.